वाकड्या ओठाची तक्रार

यावलच्या शाळेत कामिनी भंगाळे सत्तावीस वर्षं खेळाच्या शिक्षिका. पन्नाशी उलटली तसे गाल सुटले, हनुवटीखाली कातडी लोंबू लागली. पुतणीच्या लग्नात कुणीतरी त्यांना त्यांच्याच नवऱ्याची, हितेंद्रभाऊंची, थोरली बहीण समजलं. ते मनाला फार लागलं.

जळगावातल्या एका स्किन क्लिनिकचा डॉक्टर गोड बोलला. चेहऱ्याची सुटलेली कातडी कापून ताणून बसवायची, दोन तासांचं काम, संध्याकाळी घरी, म्हणाला. त्याची पदवी विचारायचं कामिनीबाईंना सुचलंच नाही.

टाके निघाले तेव्हा कानामागची जखम काळी पडली होती आणि ओठ डाव्या बाजूला वाकडा झाला होता. चहा ओघळायचा. मैदानावर शिट्टी फुंकली तर नुसती हवा निसटली. खो-खोच्या पोरी हसल्या नाहीत, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. डॉक्टर 'सूज आहे, उतरेल' म्हणत राहिला आणि पुढे फोनच घेईना.

हितेंद्रभाऊ म्हणाले, झालं ते झालं, चारचौघांत हसं नको. कामिनीबाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याची एसटी धरली. तिथल्या प्लास्टिक सर्जनना त्यांनी आधी प्रश्न विचारले: शिक्षण कुठलं, नोंदणी क्रमांक काय, अशा शस्त्रक्रिया किती केल्या, भूल कोण देतं.

सर्जननी सगळं सांगितलं, मग चेहरा तपासला. नस दुखावली होती, तुटलेली वाटत नव्हती. वर्षभर चेहऱ्याचे व्यायाम, तोवर पुन्हा चाकू नाही.

"पूर्वीसारखं होईलच, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले.

एवढं खरं बोलणाऱ्यावर कामिनीबाईंचा विश्वास बसला.

जळगावचा तो डॉक्टर सर्जन नव्हताच, हे त्यांनी नोंदणी तपासून शोधलं आणि वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. सुनावणीत त्याच्या वकिलाने विचारलं, या वयात ही हौस कशाला?

"हौस माझी होती," कामिनीबाई म्हणाल्या, "पण चाकू यांच्या हातात होता. तो धरायला हे शिकले होते का, तेवढं विचारा."

दीड वर्षाने त्या डॉक्टरवर कारवाई झाली. ओठ बराच सावरला, पूर्ण नाही. हितेंद्रभाऊ शेवटच्या दोन तारखांना न सांगता सोबत आले होते.

आता बायका सल्ला विचारायला येतात. करू नका, असं कामिनीबाई कुणाला म्हणत नाहीत. गेल्या महिन्यात शाळेतल्या लताबाईंना पापण्यांची शस्त्रक्रिया करायची होती. कामिनीबाई त्यांच्यासोबत गेल्या आणि डॉक्टरांनी नोंदणीचा कागद समोर ठेवेपर्यंत खुर्चीत बसल्या नाहीत.