पडद्यामागची हजेरी

आमच्या फुलांच्या मळ्याला लागून बागवानांचं घर होतं. मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. त्या घरातली मुलगी माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिचं सासरही अमरावतीतलंच, पण फाळणीच्या धामधुमीत नवरा तिला कराचीला घेऊन गेला. दोनेक वर्षांनी ती परत आली ती परमिटवर, थोड्या दिवसांची पाहुणी म्हणून. जन्मगावी यायला परवाना! मला तेव्हा त्याचा संताप यायचा आणि आजही येतो.

ती आली होती बापासाठी. मोर्शीकडचे संत्र्याचे बगिचे ठेक्याने घेणारा तो धिप्पाड माणूस लकव्याने अंथरुणाला खिळला होता. ती कराचीला जाण्याआधीच तिच्या भावाने त्यांना अकोल्याला आपल्याकडे नेलं होतं. इकडच्या घरात उरली होती तिची फुफी, म्हणजे बापाची बहीण, आणि फुफीचा मुलगा. पण तिकडे परमिट देणाऱ्याने विचारलं, कुठे जाणार? तर ही म्हणाली, माहेरी, अमरावतीला. आपल्याकडच्या बाईला माहेर विचारलं तर बाप आज कुठे निजतो ते ती सांगत नाही, जिथे स्वतः जन्मली ते गाव सांगते. झालं, परमिटवर अमरावती लागली. येताना तिची गाडी अकोला स्टेशनात थांबलीसुद्धा. ही खिडकीशी बसून राहिली. आधी अमरावतीच्या ठाण्यात तोंड दाखवायचं, मग उलट्या गाडीने बापाकडे जायचं, असा तिचा साधा बेत. ठाण्यात कळलं की शहराबाहेर पाऊल टाकलं तर अटक. अकोल्याला जाऊ द्या म्हणून अर्ज केला. तो कुठे अडकला देव जाणे.

दर मंगळवारी हवालदार तिची हजेरी घ्यायला येई. गोषातल्या बाईची हजेरी घ्यायची त्याने आपली एक रीत पाडली होती. दाराला गोणपाटाचा पडदा. हा बाहेरून पुकारायचा, ती आतून "हाजर हाय" म्हणायची. मग तो विचारायचा, "बापाची तब्येत कशी हाय?" ती म्हणायची, "तशीच." संपली हजेरी. माणूस तसा वाईट नव्हता. दर गुरुवारी देवासाठी माझ्याकडूनच हार न्यायचा आणि एका हारासाठी माझ्याशी घटकाभर हुज्जत घालायचा. पुढे मुदत संपल्यावर तिला बडनेऱ्याला नेऊन गाडीत बसवणाराही तोच.

एका मंगळवारी हजेरी झाल्यावर अकोल्याहून सांगावा आला की अब्बांचं काही खरं नाही. आता आठवडाभर कुणी विचारायला येणार नव्हतं. बुधवारी पहाटे फुफीचा बुरखा घालून ती आतेभावासोबत निघाली.

त्याच दुपारी मी झेंडू तोडत होते, तर कुंपणापलीकडून फुफीची हाक आली.

"पोरी, लवकर ये वं! पोलीस येऊन राह्यले!"

गल्लीच्या तोंडाशी हवालदार होता आणि सोबत नवा ठाणेदार. बदलून आल्यापासून त्याने न सांगता तपासण्यांचा सपाटा लावला होता. मी कुंपणाच्या फटीतून घुसले, मागच्या दाराने आत गेले आणि पडद्यामागे बसले. काय करायचं ते फुफीला सांगावं लागलं नाही.

"घरात हाय का?" हवालदाराने पुकारलं.

"हाजर हाय," मी म्हणाले.

हाराच्या भावावरून भांडणारा माझा आवाज त्याला कळणार नाही, असं कसं होईल?

"बापाची तब्येत कशी हाय?" त्याने सावकाश विचारलं.

"तशीच."

"पडदा उचल," ठाणेदार हवालदाराला म्हणाला.

हवालदार जागचा हलला नाही. ठाणेदाराने स्वतःच काठीचं टोक पडद्याला लावलं. पडद्याच्या खालून मला त्याचे बूट दिसत होते. झेंडूने हिरवे झालेले हात मी पदरात लपवले.

"साहेब, गोषातली बाई हाय, सारा मोहल्ला जमा होईन," हवालदार म्हणाला. "मी आवाज वळखतो. थेच हाय."

काठी थोडा वेळ तशीच टेकून राहिली. मग बूट वळले.

संध्याकाळी हवालदार एकटाच मळ्यात आला. रागाने लाल झाला होता.

"तुले काय वाट्टे, मी बयरा हाय? उद्या सकायी येतो. थे घरात नाई सापडली त मी रिपोट करीन. माह्ये बी लेकरं हायत."

"आन् तिचा बाप मरून राह्यला त? काहून अडवता तिले?"

"म्या नाई अडवलं. कागदानं अडवलं."

"कागदाले हातपाय नसतात," मी म्हणाले. "थे तुमचेच हायत."

तो तसाच निघून गेला. मला त्याचा राग आला होता आणि त्याचे उपकारही वाटत होते. दोन्ही एकदम सोसवत नव्हतं.

सकाळी उजाडता उजाडता ती आली. बुरखा काढून खाली बसली. मी पाणी दिलं.

"भेटले?"

"भेटले. वळखलं मले."

मग थांबत थांबत तिने बाकीचं सांगितलं. ती कराचीला गेल्याचं अब्बांना कुणी कळूच दिलं नव्हतं. आजारी माणूस, धसका घेईल म्हणून भाऊ म्हणत राहिला की ती सासरी आहे, अमरावतीत, सुखात आहे. तिला पाहिल्यावर जडावलेल्या जिभेने ते म्हणाले, "अमरावती काय विलायतेत हाय? दोन वर्सं झाले, बापाले पाह्याले येवाचं सुचलं नाई तुले?"

"मंग तू काय म्हनली?"

"काय म्हनू? घरचे कामं सुटत नाईत म्हनलं."

अब्बांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. गाडीची वेळ होईपर्यंत ती त्यांचे पाय चेपत बसली होती. त्यांनी पुन्हा वळून पाहिलं नाही.

एवढ्यात बाहेरून पुकारा झाला. ती उठून पडद्यामागे गेली.

"हाजर हाय."

हवालदाराने सोडलेला सुस्कारा मला आत ऐकू आला. मग नेहमीसारखं त्याने विचारलं, "बापाची तब्येत कशी हाय?"

तिने पडद्याची कड मुठीत धरली होती.

"रागावले हायत," ती म्हणाली.