विचार चालू आहे, असं मी म्हणत राहिलो

आमच्या कुळाच्या देवाने माझ्या बहिणीच्या लग्नाला उजवा कौल दिला होता. हे फक्त दोघांना ठाऊक होतं, तिथल्या गुरवाला आणि मला. गुरव जाऊन बरीच वर्षं झाली. बायकोला मी हे सांगितलेलं नाही. आई अंथरुणावर होती तेव्हा तिच्या कानात सांगायला पुष्कळ वेळ होता, तेव्हाही सांगितलं नाही. आणि जिला सांगायला हवं ती माझी मोठी बहीण आत्ता मागच्या अंगणात कोकमाची सोलं वाळत घालते आहे. मी इथे खिडकीशी बसून लिहितो आहे. मध्येच उठतो, पाणी पितो, परत बसतो. तिने एकदा विचारलं, काय लिहितोस. काही नाही म्हणालो.

बाहेरच्या वाचकाला कौल म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीत देवाला विचारतात. गुरव मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघत बसतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. एवढंच. लग्न, घर, विहीर, भावकीतलं भांडण, सगळं असंच विचारलं जातं. मला त्याचं हसू यायचं. कारण मी इंग्रजीचा मास्तर होतो.

ऐंशीच्या दशकाची पहिली वर्षं. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी मालवणजवळच्या एका हायस्कूलात नववी-दहावीला इंग्रजी शिकवायचो. व्याकरण मला कंटाळवाणं वाटे, पण शब्दांचं वेड होतं. त्यातही एका प्रकारच्या शब्दांचं फार. एखादी गोष्ट नीट विचारपूर्वक पाहणं, यासाठी इंग्रजीत किती म्हणून बोलायच्या तऱ्हा आहेत. ‘थिंक इट ओव्हर’, ‘थिंक इट थ्रू’. ‘वे द प्रोज अँड कॉन्स’, म्हणजे दोन्ही बाजू तराजूत घालून बघा. ‘टर्न इट ओव्हर इन युवर माइंड’, म्हणजे विचार हातातल्या वस्तूसारखा उलटापालटा करून बघा. ‘च्यू ऑन इट’, गुरासारखा रवंथ करा. ‘स्लीप ऑन इट’, रात्रभर त्यावर झोपा आणि सकाळी बोला. ‘ऑन सेकंड थॉट्स’, दुसऱ्यांदा विचार केल्यावर. मी फळा भरून टाकायचो. प्रत्येकाचा अर्थ अभिनय करून सांगायचो, तराजू धरायचो, डोळे मिटून झोपायचो. मुलं खूष.

एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, एका इचाराक इतके शब्द कित्याक?”

मी म्हटलं, इंग्रज माणूस पटकन निर्णय घेत नाही, आधी चहूबाजूंनी बघतो.

“मगे आमच्यार राज्य कसा केल्यानी?”

वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी येताना मला वाटत राहिलं की या मुलांना काही कळत नाही, आणि आपल्याला कळतं. तो गर्व खरा होता. तो मी इथे लपवत नाही.

घरात आम्ही तिघं. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. आईला अर्धांगवायू झालेला, डावी बाजू गेलेली. तिचं सगळं ताई करायची. तिला उठवणं, मोरीवर नेणं, केस विंचरणं, भरवणं. मी शाळेत जायचो, पगार आणायचो आणि जेवायला बसायचो. ताईचं लग्न आईच्या आजारपणात मागे पडत गेलं. गावाच्या हिशेबी तिचं वय उलटून गेलं होतं. ती त्याबद्दल कधी बोलायची नाही. फक्त शेजारच्या लग्नाची वाजंत्री सुरू झाली की घरात तिची कामं जरा जास्त आवाजात व्हायची.

अशात एक स्थळ आलं. रेडीच्या बंदरावर खनिज घेऊन ट्रक यायचे, तिथे काट्यावर वजन करायच्या कामाला असलेला माणूस. त्याचीही लग्नाची वेळ घरच्या जबाबदाऱ्यांत निघून गेली होती. मामाला घेऊन आला. कपडे इस्त्रीचे, पण चपलांच्या शिवणीत लाल माती बसलेली. चहा झाल्यावर तो कुणी न सांगता माजघरात गेला आणि आईच्या बिछान्याशी बसला. “आये, झोपान झोपान पाठ दुखता मा?” म्हणून विचारलं. आईला नीट बोलता यायचं नाही, पण ती हसली. ताई दाराआड होती. तिने त्याला पाहिलं, आणि तिने पाहिलं हे मी पाहिलं.

निघताना पडवीत तो मला म्हणाला, “आयेची काळजी करू नकात. ती पण आमच्याकडेच येवंदे. घर मोठा आसा.”

माझे कान तापले. आजही ते आठवलं की तापतात. याहून चांगलं बोलणं कुणी बोलू शकलं नसतं, आणि मला मात्र ते चपराकीसारखं लागलं. मुलगा असताना आई जावयाच्या घरी. मास्तर इथे एकटा आणि त्याची आई रेडीला मुलीच्या दारात. गावात पूर्वी लोक मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. शाळेतले सहकारी, दुकानदार, देवळातले मानकरी, सगळ्यांची तोंडं माझ्यासमोर आली. मग तिला इथेच ठेवायची म्हटलं तर तिला मोरीवर कोण नेणार? मी? त्या विचाराने मला शिसारी आली. आईची शिसारी. हेही लिहून टाकतो.

मी त्याच्या मामाला शुद्ध पुस्तकी मराठीत सांगितलं की सर्व बाजूंनी साधकबाधक विचार करूनच कळवतो. मामाने मान आदराने हलवली. मास्तर म्हणजे विचार करणारच. आमच्याकडे शिकलेल्या माणसाने उत्तराला उशीर केला की लोक त्याला शहाणा समजतात. मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

गणपती आले, गेले. मामाचा निरोप आला, मी विचार चालू आहे म्हणालो. नवरात्र गेलं. पुन्हा निरोप, पुन्हा तेच. घरात ताई काही विचारायची नाही, टोमणा मात्र मारायची. “अजून चुलीरच आसा काय रे तुझो इचार? वायच बघ, करपतलो.” मी गंभीर तोंड करून म्हणायचो, असल्या गोष्टींत घाई चालत नाही, ‘वन मस्ट थिंक इट थ्रू’. ती हसून भांडी घासायला जायची. पहिल्यांदा हसली, दुसऱ्यांदाही हसली. त्यानंतर हसली नाही.

खरं सांगायचं तर मी विचार करतच नव्हतो. त्या सगळ्या शब्दांत काही ना काही करणं आहे. तोलणं आहे, उलटवणं आहे, चघळणं आहे. मी काहीच उचललं नव्हतं. माझं उत्तर त्या पडवीतच ठरलं होतं. उरलेले महिने मी फक्त ते उत्तर विचारासारखं दिसेल अशी वाट बघत होतो.

शेवटी आईनेच तोड काढली. तुळशीचं लग्न जवळ आलं होतं, त्यानंतर लग्नं सुरू होतात. तुटक तुटक शब्दांत ती मला म्हणाली, “तुझो इचार होयत नाय, तर देवाक इचारून ये. माका खंय नेशात थंय मी येतंय. चेडवाचा लगीन होवंदे.”

आमच्या कुळाचं देवस्थान गावात नाही. ते दोडामार्गच्या बाजूला, काजूच्या बागांत आत आहे. तिथे आमच्या गावचं कुणी नसतं, गुरवही आम्हाला वर्षातून एकदा बघणार. मी एकटा गेलो. सावंतवाडीला बस बदलली. देवळात पोचलो तेव्हा गुरव समया घासत होता. त्याने हात धुतले, कळ्या लावल्या, आणि गाऱ्हाण्यात ताईचं, रेडीच्या मुलाचं सगळं नीट देवाला सांगितलं. मी हात जोडून उभा होतो आणि मनात डावी, डावी म्हणत होतो. ज्याच्यावर माझा विश्वास नव्हता त्याच्याकडे मी ते मागत होतो.

उजवी कळी पडली. गुरवाचं गाऱ्हाणं पुरतं संपलंही नव्हतं.

मी म्हटलं, “परत एकदा लावा वायच.”

गुरवाने माझ्याकडे पाहिलं. “देव एकदा बोललो, मास्तर. तुमका ऐकाक इला नाय काय?”

मी दक्षिणा ठेवली, प्रसाद घेतला आणि बस पकडली. त्या बसमध्ये तरी मी विचार केला असेल असं कुणाला वाटेल. नाही केला. मी फक्त वाक्य जुळवलं. आई नाराज होईल पण उलट विचारणार नाही, असं वाक्य.

घरी आलो तेव्हा ताई आईचे केस विंचरत होती. फणी हातात धरून तिने वर बघितलं. आई माझ्याकडे डोळे लावून होती.

मी म्हटलं, “देवान डावो कौल दिल्यान. थांबूक सांगल्यान.”

आईच्या तोंडातून एक आवाज निघाला, त्याचा शब्द झाला नाही. ताईने फणी पुन्हा केसांत घातली, गुंता अडकला तिथे हाताने सोडवला. मग म्हणाली, “बरा. देवाक ठावक.”

दुसऱ्या दिवशी शाळेत मी नेहमीसारखा तास घेतला. मामाला नकाराचा निरोप गेला. पुढच्याच हंगामात त्या माणसाचं लग्न वेंगुर्ल्याकडच्या मुलीशी झाल्याचं कानावर आलं. ते मी घरात सांगितलं नाही, पण ताईला कुणाकडून तरी कळलं असणार.

आई पुढे काही वर्षं होती. ती गेली तोवर ताईसाठी स्थळं यायची थांबली होती. मग माझं लग्न झालं, मुलं झाली, ती ताईच्या अंगाखांद्यावर वाढली. माझी बायको तिला मान देते. बाहेरून बघणाऱ्याला आमचं घर चांगलं वाटतं, आणि ते बऱ्यापैकी चांगलं आहेच. म्हणूनच मला स्वस्थ बसता येत नाही.

कारण ताईने तेव्हापासून सोमवार धरलेत. का, ते मला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी माझ्या मुलीने तिला थट्टेने विचारलं, आत्ये, तुका कोणी मागूक नाय काय गो? मी पेपर वाचत होतो. ताई म्हणाली, मागितलं होतं. पण देवाने नको म्हटलं. “माझ्यातच काय तरी खोट आसतली, बाय. देव उगाच नाय म्हणना नाय.” अगदी सहज म्हणाली, भाजी निवडता निवडता. माझ्या हातातला पेपर कितीतरी वेळ त्याच पानावर होता.

त्यानंतर मी सांगायचं ठरवलं, आणि लगेच ते जुने शब्द हाताशी आले. आता या वयात तिची शांती मोडावी का, याचा नीट विचार व्हायला हवा. तिची बाजू, माझी बाजू. एक रात्र जाऊ दे. दुसरी जाऊ दे. ती देवावर चिडेल, की माझ्यावर, की आईच्या आठवणीवर? मुलांपुढे काय? वर्ष गेलं. मी त्या पडवीत मामासमोर उभा होतो तसाच आजही उभा आहे, फक्त आता ऐकणारा मीच आहे आणि मान हलवणाराही मीच.

हे लिहिणंही तसलीच पळवाट असेल, याची मला धास्ती आहे. तुम्हाला सांगून मोकळं वाटलं की तिला सांगायचं राहून जाईल. ती चष्मा लावून वाचते, छापलेलं सगळं वाचते. तिच्या हाती हे छापील पडावं आणि मी समोर नसावा, असंही एकदा मनात आलं होतं. तो विचार मी खोडून टाकला.

माझ्याकडून तिला एक सांगणं येणं आहे, समोर बसून, तिच्या बोलीत: देवाने हो म्हटलं होतं, नाही म्हटलं ते मी, आणि खोट तिच्यात नव्हती, माझ्यात होती. ते मी अजून सांगितलेलं नाही.