खोलीत तिसरा माणूस होता

मी पारध्याच्या बाईचं बाळंतपण केलं त्या दिवशी गावचा बाजार होता, म्हणून दवाखान्यात कुणीच नव्हतं. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. आया बाजाराला गेली होती. कंपाउंडर होता, पण तो औषधाच्या खिडकीमागून सहसा उठत नसे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नवऱ्यानं टाकलेली, पुण्याला नर्सचं शिकून लोकल बोर्डाच्या नोकरीला लागलेली. चाकणच्या अलीकडच्या एका लहान गावात दोन खोल्यांचा दवाखाना होता, त्याच्या मागच्या अंगाला माझी राहायची खोली. एकटी बाई म्हणून गाव माझ्यावर जरा जास्तच लक्ष ठेवून असायचं. मला त्याची सवय झाली होती.

पारध्यांची पाच-सहा पालं निघोज्याच्या बाजूच्या माळावर होती. फासे लावून तितर, लावे धरायचे आणि विकायचे. अलीकडे त्यांतले काही जण पिंपरीकडे कारखान्याच्या बांधकामावर माती उचलायला जाऊ लागले होते. त्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा दोन-चार वर्षांपूर्वी उठला होता, पण चौकीवरच्या लोकांच्या डोक्यातून तो उठला नव्हता. कुणाचं घर फुटलं की शिपाई आधी माळावर जायचे आणि मग चोरी कुठं झाली ते बघायला यायचे.

तर त्या दिवशी दहाच्या सुमाराला एक माणूस बायकोला पाठीवर घेऊन आला. माळापासून दवाखाना दोन कोस. तिला उतरवलं आणि तो दारातच खाली बसला. कंपाउंडर खिडकीतून म्हणाला, "बाई, हे पारधी आहेत हां. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका."

मी तिच्या पोटावर हात ठेवला. मूल पायाळू होतं. डॉक्टर यायला तीन दिवस होते.

"मी आत घेतेय तिला," मी म्हणाले.

पायाळू बाळंतपण एकटीनं करता येत नाही. बाईला मागून धरायला कुणीतरी लागतं, नाहीतर ऐन वेळी ती मागे सरकते आणि मुलाचं डोकं अडकतं. बाराच्या सुमाराला कळा वाढल्या तेव्हा मी कंपाउंडरला हाक मारली. त्यानं मान हलवली आणि खिडकीचं दार ओढून घेतलं. मग मी तिच्या नवऱ्याला म्हणाले, "तू ये."

तो उठून उभा राहिला, पण उंबऱ्याच्या आत येईना. "बाई, आमच्यात पुरुष जात न्हाई बाळंतिणीपाशी. पंचांना कळलं तर जातीबाहेर टाकतील."

"नाही आलास तर मूल जाईल. तीही जाईल."

तो आत आला. मी दार लावून घेतलं. त्यानं तिच्या काखेतून हात घालून तिला छातीशी धरलं. बारा ते तीनच्या पुढपर्यंत आम्ही तिघं त्या खोलीत होतो. त्याचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मूल आलं तेव्हा निळं होतं, रडत नव्हतं. मी त्याच्या तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, फुंकर घातली. रडलं तेव्हा तो माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. मुलगी होती.

रजिस्टरात मी नेहमीसारखी नोंद केली. तारीख, वेळ, पायाळू, मुलगी, दोघी सुखरूप. सोबत कोण या रकान्यात लिहिलं, 'नवरा, पूर्ण वेळ हजर.'

दिवेलागणीच्या आधी ती निघाली. मी राहा म्हणत होते, पण तिला पालात जायचं होतं.

त्याच दुपारी, बाजार भरात असताना, एका व्यापाऱ्याचं घर मागच्या बाजूनं फोडून चांदीची भांडी नेली होती. ते मला दुसऱ्या दिवशी आयाकडून कळलं. "पारध्यांना उचललंय," ती म्हणाली. "दोघं भाऊ. थोरला तर म्हणं कालच बाप झालाय."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. मला वाटलं, काही नाही, चौकीवर जाऊन सांगितलं की सोडतील. इतकं ते मला सोपं वाटलं होतं.

मी तशीच चौकीवर गेले. जमादार ओसरीवर बसले होते. मी म्हणाले, "तो माणूस दुपारभर दवाखान्यात होता. मी पाहिलंय."

"तुम्ही बाळंतपण करत होता ना? मग बाहेर कोण होतं ते तुम्हाला कसं दिसणार?"

तो आत होता हे सांगायचं तर त्याच्या जातीचे पंच होते. आणि खोटं कशाला सांगू, मला माझाही विचार आला. बंद दाराआड एक पारधी आणि नर्सबाई, एवढं पुरे होतं गावाला. तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. माणसाचा आवाज होता, पण त्यात शब्द नव्हते. जमादार उठले आणि मला म्हणाले, "या आता तुम्ही."

मी परत आले. त्या दिवशी मी काहीच बोलले नाही, हे मला लिहून ठेवलं पाहिजे.

शुक्रवारी दोन शिपाई थोरल्याला दवाखान्यात घेऊन आले. चालत नव्हता, त्याला ओढत आणत होते. मागून फौजदार आले. डॉक्टर टेबलाशी बसले होते.

"झाडावरून पडला," फौजदार म्हणाले. "तितर धरायला चढला होता. तसं लिहून द्या, आणि पट्टी करा."

मी त्याचे पाय धुवायला घेतले. तळवे सुजून काळे पडले होते, कातडी ठिकठिकाणी फाटली होती. उजव्या हाताची दोन बोटं भलतीकडे वळली होती. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी म्हणाले, "झाडावरून पडणारा दोन्ही तळव्यांवर पडतो का?"

फौजदार माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाले, "तुमच्या नर्सबाई बोलक्या आहेत."

डॉक्टरांनी लेखणी शाईत बुडवली, थोडा वेळ तशीच धरली आणि लिहिलं, 'पडल्याने झालेल्या जखमा.' फौजदार गेल्यावर मला म्हणाले, "बाई, तुम्ही एकट्या आहात. माझ्यामागे पाच माणसं आहेत." ते वाईट माणूस नव्हते. त्या दुपारी ते जेवले नाहीत, डबा तसाच परत नेला.

सोमवारी फौजदार एकटेच आले. खुर्चीत बसले आणि रजिस्टर मागितलं. माझी नोंद त्यांनी बोट फिरवत वाचली.

"'पूर्ण वेळ हजर'. हे कुणी सांगितलं लिहायला?"

"कुणी नाही. होता म्हणून लिहिलं."

"दारात होता की आत?"

मी दौतीचं झाकण लावलं.

त्यांचा आवाज मऊ झाला. "बघा बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. नवऱ्यानं सोडलेली बाई दार लावून पारध्याबरोबर एका खोलीत तीन तास होती, हे कोर्टात निघालं तर गावात राहाल का तुम्ही? तुमच्या भल्यासाठी सांगतो. पान खराब झालं म्हणायचं, नवं लिहायचं. सोबत कोण, सासू."

"तिला सासू नाही."

"मग कुणीही लिहा!"

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी ते मिटून जवळ ओढलं. मी म्हणाले, "पान बदलायचं असेल तर मला डॉक्टरांचा लेखी हुकूम लागेल." ते उठले. दारातून कंपाउंडरकडे बघून म्हणाले, "तुम्ही काही पाहिलं का हो?" कंपाउंडर म्हणाला, "न्हाई साहेब, आमी खिडकी लावली होती." ते खरंच होतं.

मी रजिस्टर माझ्या खोलीत नेलं आणि पेटीत कुलूप लावून ठेवलं. आठवडाभर दारावर कुणाची चाहूल लागली तरी मी आधी त्या पेटीकडे बघायची.

मग ती आली. पंधरा-सोळा दिवसांची बाळंतीण, मूल झोळीत, तालुक्याच्या गावापर्यंत चालत जाऊन एक तरुण वकील गाठून आली होती. दवाखान्याच्या ओट्यावर बसली, वकिलाची चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाई, तुमी कोर्टात सांगाल का?"

"सांगेन. पण तो आत होता, हे सांगावं लागेल. नुसता दारात होता म्हटलं तर टिकणार नाही. आणि तुझा नवरा नको म्हणतोय. वकिलाच्या या चिठ्ठीत निरोप आहे त्याचा, 'बाहेर बसलो होतो म्हणा.'"

तिनं मुलीला पाजायला घेतलं. मग म्हणाली, "सांगा. जिता राहिला तर पंचांचं मी बघीन."

निघताना तिनं आणखी एक गोष्ट मागितली. "माझा दीर पण तिथंच होता म्हणा ना. दोघं होते म्हणा."

धाकटा भाऊ अठरा-एकोणीस वर्षांचा. त्या दुपारी तो तापानं पालात पडून होता, असं ती सांगत होती. त्याच पालात चांदीचा पेला सापडला असं पोलीस म्हणत होते. मी त्याला त्या दिवशी पाहिलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली आणि गेली.

खटल्याच्या दिवशी कोर्टाच्या बाहेर तिच्या वकिलांनीही मला बाजूला घेतलं. "बाई, दोघांचं नाव घेतलंत तर कोण विचारणार आहे? पोलीस तरी कुठे खरं बोलतायत?"

"एक खोटं सापडलं तर माझं सगळंच खोटं ठरेल," मी म्हणाले. हे कारण खरं होतं. पण खोटं बोलायची मला भीती वाटत होती, हेही तितकंच खरं होतं. कोणतं आधी होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

कोर्टात गावातले बरेच जण आले होते. मी पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा पहिल्या बाकावर फौजदार होते. सरकारी वकिलांनी विचारलं, "दार बंद होतं?"

"होय."

"का?"

"बाळंतपण उघड्यावर करत नाहीत."

मागे कुणीतरी हसलं. वकिलांनी आवाज चढवला. "पारधी सगळे सारखेच दिसतात. हाच होता कशावरून?"

"तीन तास याचा चेहरा माझ्यासमोर होता. याच्या डाव्या भुवईत जुना व्रण आहे, केसांत शिरलेला. इथून तुम्हाला दिसणार नाही. जवळ जाऊन बघा."

मॅजिस्ट्रेटनी त्याला पुढे बोलावलं. तो भिंतीचा आधार घेत चार पावलं आला. व्रण होता. मॅजिस्ट्रेट त्याच्या पायांकडे बघत होते. "पायांना काय झालं?"

तो काय बोलतो यावर पुष्कळ काही अवलंबून होतं. त्यानं मान वळवून आधी धाकट्याकडे बघितलं, मग धाकट्याच्या शेजारच्या शिपायाकडे.

"पडलो, साहेब," तो म्हणाला.

मॅजिस्ट्रेटनी आणखी विचारलं नाही. रजिस्टरातली नोंद पाहून त्याला सोडलं. धाकट्याला सहा महिने दिले. त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं.

बाहेर आल्यावर ती माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरले. तिच्या मागे तिचा नवरा भिंतीला टेकून उभा होता आणि भावाला नेत होते त्या वाटेकडे बघत होता. माझ्याशी तो एक शब्द बोलला नाही. पंचांनी त्यांना वर्षभर पंगतीबाहेर ठेवलं, असं मागाहून ऐकलं. त्याच्या त्या दोन बोटांनी फासे बांधता येईनात, म्हणून तीच पिंपरीच्या बांधकामावर जाऊ लागली.

मला गावानं वाळीत टाकलं नाही. बायका बाळंतपणाला येत राहिल्या, फक्त हळदीकुंकवाला बोलवायच्या बंद झाल्या. दोन महिन्यांत माझी बदली झाली, जुन्नरच्या पलीकडे.

तिथं पुढच्या पावसाळ्यानंतर एक पोरगेला माणूस दवाखान्यात आला. दुपारची वेळ होती, रांग संपली होती. मी ओळखलं नाही. कोर्टात मी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. त्यानं सांगितल्यावर कळलं, धाकटा भाऊ. विचारत विचारत आला होता.

"त्या दिवशी मी पालात तापानं पडलो होतो," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले.

"तुमाला कसं ठाऊक? तुमी तर बघितलं न्हाई."

तो रागानं बोलत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी म्हणाले, "बस. काय होतंय तुला?"

त्याला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. मी त्याला उजेडात बसवून कान पाहिला. पडदा फाटला होता, कडा जुन्या झाल्या होत्या. त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. तो मान हलवत राहिला. ऐकू आलं की नाही कळेना, म्हणून मी दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा सांगितलं. मग त्यानं भाकरी आहे का विचारलं. होती. तो पायरीवर बसून जेवला, ताटली विसळून दिली, आणि आळेफाट्याकडे जाणारी वाट कोणती ते विचारून गेला.