मुखरूभाऊंचे मिसकॉल

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातून मोबाइल दिला, तेव्हा मुखरूभाऊंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि परत माझ्याच टेबलावर ठेवून दिला. "मले आकडे नाई येत, बाई." साल २००७. पोंभुर्ण्याला मी नुकतीच कामाला लागले होते आणि मला सगळंच येतं, असा माझा समज होता.

"यात माझाच नंबर आहे, भाऊ. प्यावंसं वाटलं की हिरवं बटण दोनदा दाबायचं. रिंग गेली की तोडायचं."

मग मी उलट फोन करून विचारायचं : कुठं आहात, सोबत कोण आहे, काय करत होतात. ते रजिस्टरात लिहायचं. तलफ कशानं उठते ते कळलं, तर तिची वाट अडवता येईल, असा बेत.

मुखरूभाऊ तलावावर मासेमारी करणारे ढिवर. पन्नाशी उलटलेली. मागच्या दिवाळीत त्यांना रक्ताची उलटी झाली होती. पुन्हा दारू पोटात गेली तर वाचवणं आपल्या हातात नाही, असं डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, आशाबाईला, तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून ते खोकले तरी तिच्या हातातलं काम गळून पडायचं.

पहिल्या महिन्यात एक्केचाळीस मिसकॉल आले. पहाटे ओलं जाळं खांद्यावर घेताना. बाजाराच्या दिवशी. जावई आला की. आणि सगळ्यात जास्त, घरात मासोळी तळायला लागली की. आशाबाईनं तळणं बंद करून नुसता रस्सा सुरू केला, तर आठवड्याला दोनच मिसकॉल उरले. मी रजिस्टर घेऊन सगळ्यांना दाखवत फिरले. काय तो माझा तोरा!

मे महिन्यात तलावाचं पाणी उतरलं आणि मच्छीमार सोसायटीची मोठी मासेमारी ठरली. सगळा गाव एकत्र, म्हणजे धोका. मी मुखरूभाऊंना दहादा बजावलं, फोन जवळच ठेवा. त्या दिवशी दुपारचे बारा वाजले तरी एकही मिसकॉल नाही. मी खुशीत चहा मागवला.

"भाऊंनी आज मैदान मारलं," मी म्हटलं.

केंद्रात झाडलोट करणारी ठमाबाई ढिवरांचीच लेक. ती म्हणाली, "आज त त्याईची पूजा असन. मुखरूच पुजारी हाय. पयला दोना तलावाच्या मायले, दुसरा पुजाऱ्याले."

"पानाच्या दोन्यात काय असतं?"

"मोहाची. दुसरं काय?"

"मग त्यांनी फोन का नाही केला?"

"देवाचं हाय ना, बाई. ते का पेनं होते?"

जावई विचारला, बाजार विचारला, मासोळी विचारली. देव विचारायचं मला सुचलं नव्हतं. चीड आली ती स्वतःचीच. आणि तेवढ्यात फोन वाजला. एकदा वाजून तुटला. पुन्हा वाजला, तुटला. मी उलट लावला तर कुणी उचलेना.

ओळखीतल्या एकाच्या मोटरसायकलवर मागं बसून निघाले. पर्समध्ये फोन वाजायचा आणि तुटायचा. वाजला की वाटायचं, जिवंत आहेत. थांबला की मी गाडी आणखी जोरात घ्या म्हणायचे. सतरापर्यंत मी मोजले. मग तो वाजलाच नाही. उरलेला रस्ता मी नुसती घाबरलेली होते, रडायलाही सुचत नव्हतं.

तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या झाडाखाली माणसं बसली होती, मधे पूजेची उरलेली दारू, प्लास्टिकच्या कॅनमध्ये. आशाबाई काठाशी गुडघाभर पाण्यात उभी. आणि मधोमध, छातीएवढ्या पाण्यात, मुखरूभाऊ. पिशवीत गुंडाळलेला मोबाइल डोक्यावर धरलेला. बॅटरी संपेपर्यंत बटण तेवढं पिशवीवरून दाबता आलं होतं, बोलता नाही.

"दोना पेला अन् तसाच पान्यात गेला," आशाबाई म्हणाली. "बारा वाजल्यापासून. बाहेर याले भेते."

"बाई, बाहेर आलो त मी पेतो," ते तिथूनच ओरडले. "इथी दारू नाई." आवाज कापत होता. पायात गोळे आले होते आणि एकदा ते तोल जाऊन हनुवटीपर्यंत बुडाले. मला पोहता येत नाही. मी काठावर नुसती हात चोळत राहिले.

"कॅन फेकून द्या," मी त्या माणसांना म्हटलं.

"पूजेचं फेकता येत नाई, बाई," एक म्हातारा म्हणाला. त्यांचंही खोटं नव्हतं. तेही घाबरले होते, देवाला.

आशाबाई पाण्यातून वर आली. कुणाला काही न विचारता तिनं कॅन उचलला, काठाशी नेला आणि तलावात उलटा केला. "मायचं हाय ना? घेऊ दे तिले सारंच."

कॅन रिकामा झालेला पाहिल्यावरच मुखरूभाऊ हलले. अर्ध्या वाटेत आशाबाईनं आणि दोघांनी त्यांना धरलं. काठावर आले तेव्हा बोटं सुरकुतून पांढरी पडली होती. आशाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती, रक्त दिसतं का म्हणून. आम्ही सगळेच तिकडेच बघत होतो.

"दवाखान्यात चला, भाऊ," मी म्हटलं.

"चालतो. पयले रजिस्टर काढा." दात वाजत होते. "आजचा दोना लिवा."

मी पेन काढलं आणि लिहायला लागले, पूजेचा एक दोना. त्यांना अक्षरं येत नव्हती, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"पूजेचा नोका लिवू, बाई," ते म्हणाले. "मुखरू पेला, असं लिवा."