मैनाबाईचा पहिला घास

बाभुळगावाकडच्या मैनाबाईनं उभ्या आयुष्यात नवऱ्याच्या आधी घास घेतला नव्हता. आधी वामनरावांचं पोट भरायचं, मग पोरांचं, मग आल्यागेल्याचं. सगळं आटोपलं की ही बाई चुलीपाशी बसून निवलेली भाकर खायची, आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं. आता अशी बाई युरोपातल्या राजेशाही आगगाडीत कशी जाऊन बसली म्हणाल, तर ती करणी लेकीची. निकिता जर्मनीत नोकरीला. आईबाबांना तिथल्या जुन्या काळच्या गाडीनं व्हेनिसला न्यायचंच, असा तिनं हट्ट धरला.

गाडी कसली, नुसता थाट! आत आरशासारखं चकचकीत लाकूड, पितळी दिवे, मखमली खुर्च्या. वामनराव दिसेल त्या फळीवरून हात फिरवत हिंडले. मैनाबाई पदर सावरून खिडकीशी बसली आणि बर्फाचे डोंगर बघत राहिली. संध्याकाळी तिघं जेवणाच्या डब्यात गेली. टेबलाशी चौथा एक म्हातारा गोरा पाहुणा होता. वेटरनं वाफाळतं सूप आणलं आणि पहिली बशी ठेवली ती मैनाबाईपुढं. तिनं ती मुकाट नवऱ्याकडं सरकवली. वेटरनं हसून पुन्हा तिच्यापुढं आणून ठेवली. सगळ्यांना वाढून झालं तरी म्हातारा हात मांडीवर ठेवून बसलेला. वामनरावांनी चमचा उचलला, तशी निकितानं हळूच सांगितलं, की इथं टेबलावरच्या मोठ्या बाईनं सुरुवात केल्याशिवाय कोणी खात नाही.

झाली का पंचाईत! वामनरावांना भूक सहन होत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. ती त्यांच्याकडं बघते, ते तिच्याकडं, आणि म्हातारा आळीपाळीनं दोघांकडं. शेवटी वामनरावच म्हणाले, "खाय ना वं. सारे थांबून राह्यले."

तिनं चमचा भरला आणि तसाच तोंडात घातला. जीभ चांगली पोळली, डोळ्यांत पाणी आलं.

"फुकून खा लागते, एवढं समजत नाही काय?" वामनराव कावले.

"सवय नाही जी," ती म्हणाली. "माह्या ताटात येईस्तोवर सारं थंडच झालं राह्यते."

बोलली ती सहज, टोमणा म्हणून नव्हे. पण वामनरावांनी तिचा दुसरा घोट होईपर्यंत चमचा उचलला नाही.

व्हेनिसचं हॉटेल म्हणजे संगमरवरी जिना आणि छताला झुंबरं. तिथं रोज सकाळी मैनाबाईचा पहिला घोट होईपर्यंत वामनराव कपाला हात लावत नसत. तिला ते आवडत होतं, आणि म्हणूनच धास्तीही वाटत होती. घरी गेल्यावर पुन्हा जैसे थे झालं, तर आता ते सोसवणार नव्हतं. निकितापाशी मात्र ती एवढंच म्हणाली, की हे इथलं इथंच राहायचं.

परतल्यावर थोरले दीर पंजाबराव प्रवासाच्या गोष्टी ऐकायला आले, ते जेवायलाच थांबले. त्यांच्यासमोर मैनाबाई कधी मोठ्यानं बोललेलीसुद्धा नाही. तिनं सगळ्या भाकरी टाकून घेतल्या, दोन ताटं वाढली, वांग्याचं भरीत घातलं आणि आत वळली.

"दादा, जरासं थांबा," वामनराव म्हणाले. "तिचं ताट येऊ द्या."

पंजाबरावांचा हात तोडलेल्या भाकरीसकट तसाच राहिला. मैनाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवा हो, असं तिनं नवऱ्याला डोळ्यांनी विनवलं. गडी ढिम्म हलेना. मग पंजाबरावांनीच तुकडा ताटात ठेवला आणि ते भिंतीकडं बघत बसले. ती ताट घेऊन आली, नवऱ्याशेजारी टेकली आणि खाली मानेनं पहिला घास घेतला. भाकर अजून गरम होती. आपल्या हातची भाकर इतकी गोड लागते, हे तिला आज कळत होतं.

"कशी आहे?" वामनरावांनी विचारलं.

मैनाबाईनं तोंडातला घास सावकाश चावून संपवला.

"लय उशीर केला जी," ती म्हणाली, आणि तिनं दुसरा घास घेतला.