बंद हुकूम

मेंढीकोट खेळताना आपला भिडू समोर बसतो आणि शेजारी बसतात ते विरुद्ध पार्टीचे. काळेवाडीतल्या आमच्या घरी रविवारी दुपारी हा डाव पडायचा. मी आणि थोरली जाऊ एकीकडे, आमचे नवरे, म्हणजे दोघे भाऊ, दुसरीकडे. हुकमाचं पान मी पालथं घालून ठेवायची. ते उघडलं की दोघे भाऊ गार. बंद हुकूम भिडूलाही सांगायचा नसतो. हे मला फार छान जमायचं आणि त्याचा तोराही होता.

तीच अक्कल मी धंद्यात चालवली. डब्यांचा धंदा मूळ जाऊचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड चपाती लाटता येत नव्हती, तिनंच शिकवलं. चाकणच्या एका कंपनीत आमचे डबे जायचे. तिथल्या साहेबांनी भाव कमी करायला आम्हा दोघींना बोलावलं, आणि त्याच सुमाराला दुसऱ्या एका कंपनीनं मला फोन करून डबे मागितले. मी जाऊला बोललेच नाही. म्हटलं, साहेब ताणायला लागले की हे पान उघडू.

साहेब म्हणाले, "या भावात नाही परवडत ताई. बंदच करावं लागेल."

मी घसा खाकरला, तेवढ्यात जाऊ घाबरून बोलून गेली, "बंद नका करू साहेब. तुमी म्हनाल त्यो भाव."

माझं डोकंच फिरलं. परक्या माणसासमोर मी तिला म्हणाले, "तुम्ही मधे बोलू नका. धंद्यातलं काय कळतं तुम्हाला?" साहेबांनीच मान खाली घातली. हे लिहितानाही माझे कान तापतात.

परतताना रिक्षात मी तिला दुसऱ्या कंपनीचं सांगितलं. वर शहाणपणा केलाच, "ताई, बंद हुकूम भिडूलाही सांगत नाहीत."

"न्हाई सांगत," ती म्हणाली. "पर तिथं आपण पत्ते खेळत व्हतो व्हय गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला हवी होती, पण जीभच उचलली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊनं नेहमीसारखी कणीक मळली, माझा चहा झाकून ठेवला. वाटलं, विसरली.

रविवारी पत्ते निघाले. मी माझ्या जागेवर बसले. समोरची जागा तिच्यासाठी मोकळी होती. ती पदराला हात पुसत आली. "तुमी बसा तिकडं समोर," नवऱ्याला म्हणाली, आणि माझ्या शेजारी येऊन बसली.