आत्याचा जंतू

माझी आत्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती. तोंडाने फटकळ, पण हाताला चव. तिच्या भाताला नावं ठेवणारी मुलगी दुसऱ्या दिवशी गुपचूप ताट पुढे करायची.

एकदा बऱ्याच मुली तापाने आणि जुलाबांनी आडव्या झाल्या. स्वयंपाकघरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. मुलींना आजारी पाडणारा साल्मोनेला नावाचा जंतू एकट्या आत्यात सापडला. तिला ना ताप, ना पोटदुखी. तरी वॉर्डनबाईंनी भोजनगृहाच्या दारावर नोटीस डकवली: स्वयंपाकिणीमुळे आजार पसरला, तिला कामावरून काढले आहे. त्या कागदाची आठवण झाली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"राजीनामा दे, तमाशा नको," माझे वडील म्हणाले.

"दादा, जंतू माझ्यात आहे, कबूल. पण पोरींच्या पोटात माझाच गेला कशावरून?"

ती तडक प्रयोगशाळेत जाऊन बसली.

"आडनाव एक म्हणून घर एक नसतं. जंतूंचंही तसंच," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जनुकांवरून घर शोधता येतं. तपासणारच आहे मी. पण मावशी, तुमचाच निघाला तर तसंच लिहीन हं."

"लिहा की! मी काय घाबरते?"

डॉक्टरीणबाईंनी वसतिगृहातून पाणी, भाज्या, सिंक, सगळ्याचे नमुने आणले. वॉर्डनबाईंच्या लाडक्या कासवाचा टबही सोडला नाही. तो टब भाजीच्या सिंकमध्ये धुतला जायचा, आणि त्यावरून आत्याचं बाईंशी कितीदा तरी वाजलं होतं. मग प्रत्येक नमुन्यातल्या जंतूच्या डीएनएचे तुकडे करून जेलीसारख्या थरावर त्यांचे पट्टे उमटवले. सगळ्या मुलींचे पट्टे एकसारखे. कासवाच्या टबातले हुबेहूब तसेच. आत्याचे साफ वेगळे.

औषध घेतल्यावर आत्याच्या तपासण्या स्वच्छ आल्या, तसा कामावर येण्याचा निरोप आला. ती मुद्दाम जेवणाच्या वेळी गेली. मुली रांगेत उभ्या होत्या आणि नोटीस अजून दारावर होती.

"काढून टाका ती," वॉर्डनबाई हळूच म्हणाल्या.

"तुम्ही लावलीत, तुम्हीच काढा."

बाई नखांनी कागद खरवडू लागल्या. डिंक चिवट होता. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"तो कोपरा राहिला," आत्या म्हणाली.

तोही निघाला. मग आत्याने भाताचा डाव उचलला.

"आता हात धुवा, बाई, साबणाने. आणि माझ्या सिंकमध्ये नको!"